बोंडं

आजीनं फोनवर विचारलं, "बोंडं कशी हायेत वं बाई?" मी म्हटलं, "आजी, मे महिन्यात कुठली आली बोंडं, शेतात तर ढेकळं असतील ना आत्ता." पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग ती एवढी हसली की तिला ठसका लागला अन् मामीनं फोन हातात घेतला, "काय सांगितलं वं हिले, पाणी पाजून राहिली मी."

आजीचं गाव हिंगणघाटकडचं, काळ्या मातीतलं. बोंड म्हटलं की माझ्या डोक्यात आधी पऱ्हाटीचं बोंड येतं, हिरवं, टोकदार, फुटायच्या आधीचं. लहानपणी गावाला गेलो की आम्ही ते नखानं सोलून आतला ओला कापूस काढायचो अन् मार खायचो. आजी विचारत होती ते माझ्या अंगावरच्या बोंडांबद्दल. शब्द माहीत नव्हता असं नाही, पण माझ्याबद्दल कोणी वापरला नव्हता. पुस्तकात स्तनाग्र. डॉक्टर निपल म्हणतात. आई नुसतं छाती म्हणते, वरपासून खालपर्यंत सगळी छातीच, अन् मी एकदा रात्री नवऱ्याला "छातीत आग होतेय" म्हटलं तर तो पँट चढवून गाडीची चावी शोधायला लागला होता, बिचारा.

"आग लागली आहे आजी बोंडांना," मी म्हटलं, अन् मला रडायलाच आलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी त्या जागेचं नाव घेऊन विचारलं होतं.

तर झालं असं.

पोरगी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, सिझेरियन. नागपुरात ऐन उन्हाळ्यात बाळंतीण होणं म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. माहेर नंदनवनला, वरचा मजला, डोक्यावर तापलेली गच्ची, खिडकीत कूलर घरघरतोय अन् खोलीभर त्याचा ओला वास. आईनं शेगडी आणून ठेवलेली, ओवा, बाळंतशेपा पुड्यांत तयार. मी म्हटलं आई, बाहेर ४४ आहे, आणखी काय शेकायचं राहिलंय माझं. शेवटी तडजोड अशी झाली की शेगडी पेटवायची नाही पण खाटेखाली ठेवायची, रीत म्हणून. ती पूर्ण सव्वा महिना तिथे थंडगार बसून होती.

पहिले पंधरा दिवस जे दुखलं त्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ते दुखणं वेगळं. पोरीनं तोंडात घेतलं की मी पायाची बोटं चादरीत रुतवायची अन् दहापर्यंत मोजायची. चिरा पडल्या. एकदा तिनं दूध काढलं त्यात रक्ताची रेघ दिसली अन् घरात हलकल्लोळ, मग कळलं की ते रक्त माझंच, चिरेतलं, तिच्या पोटात गेलेलं. येणारी प्रत्येक बाई एकच सांगायची. दुखतंच. पहिलटकरणीला दुखतंच, मग कातडी निबर होते. काकू, मावशी, खालच्या मजल्यावरच्या भाभी, सगळ्यांचं एकमत, अन् सांगताना सगळ्यांचे डोळे बाळाकडे.

एकच बाई वेगळी निघाली. आमच्या शेजारच्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, बाळ पाहायला आल्या झबलं-टोपडं घेऊन. बाळाकडे नीट न बघताच म्हणाल्या, "पाजून दाखव." मला लाज वाटली खरं तर. पण त्या खुर्ची ओढून बसल्याच. पोरीनं पिऊन तोंड सोडलं अन् बोंड बाहेर आलं तेव्हा ते गोल नव्हतंच, नव्या कोऱ्या लिपस्टिकचं टोक असतं ना तिरपं कापलेलं, अगदी तसं. "पाह्यलं का? ही नुसतं टोक घेऊन टाळूवर घासून राहिली." मग त्यांनी शिकवलं, बाळाचं पोट माझ्या पोटाला, नाक बोंडासमोर, तिनं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की झटकन तिला छातीकडे आणायचं, छाती तिच्याकडे न्यायची नाही, आणि नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, खालच्या बाजूनं जास्त. चार-पाच दिवसांत चिरा भरायला लागल्या. वर औषध काय, तर स्वतःचंच दोन थेंब दूध लावून हवेवर वाळू द्यायचं.

म्हणजे एवढ्या बायकांनी ज्याला "दुखतंच" म्हटलं ते पाच मिनिटं पाहिल्यावर दुरुस्त होण्यासारखं होतं. हे माझ्या डोक्यात पक्कं बसायला पाहिजे होतं. बसलं नाही.

मे संपत आला, नवतपा लागला, पारा ४५ च्या वर, अन् सहाव्या आठवड्यात परत सुरू झालं. पण हे तसं नव्हतं. आधीचं दुखणं पाजायला घेतलं की व्हायचं. हे पाजताना जेमतेम, अन् पाजून झाल्यावर खरं सुरू. हिरव्या मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागावा तशी आग, त्यातून एक सुई निघायची ती आतून सरळ पाठीच्या फऱ्यापर्यंत. अर्धा तास ते चालायचं, मग जरा डोळा लागतो न लागतो तर पुढच्या पाजण्याची वेळ. ओढणी टेकवून घेत नव्हते, कूलरची हवा लागू देत नव्हते, आंघोळीचा तांब्या तर नकोच. आरशात पाहिलं तर चिरा नाहीत, जखम नाही, नुसता गुलाबी चकाकता रंग अन् कडेला बारीक पापुद्रे, उन्हानं नाक सोलतं तसे.

हे सगळं फोनवर ऐकून आजी म्हणाली, "गुलाबी? बोंडअळीच लागली म्हन मंग." २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाचं काय केलं ते ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना माहीत आहे, आजीच्या तोंडी हा विनोद नव्हता, तिचं ते रोगनिदान होतं.

दुसऱ्या दिवशी लाल डब्यानं आजी हजर. पिशवीत डिंक, खारका, अन् कागदाच्या पुडीत काहीतरी पांढरं. हातपाय धुऊन तिनं पोरीला खिडकीशी नेलं, उजेडात, हनुवटी दाबून तोंड उघडलं अन् मला हाक मारली. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेवर पांढरे ठिपके, फाटलेलं दूध भांड्याला चिकटून राहतं तसे. आई म्हणे ते मी रोज पुसते ना ओल्या कपड्यानं, दूधच आहे साचलेलं. दूध असेल तर निघतं. हे निघत नव्हतं, अन् जिथे आईनं जोर लावून घासलं होतं तिथे लालभडक झालं होतं. गेले दोन दिवस पोरगी दूध ओढता ओढता मधेच सोडून रडत होती ते आम्ही गॅसवर ढकललं होतं. आमच्याकडे बाळाचं काहीही गॅसवर ढकलतात.

"पोट्टीचं तोंड आलं," आजी म्हणाली. "अन् तिचं तोंड अन् तुई बोंडं, दुखनं एकच हाये."

आजी चौथी शिकलेली. तिचं हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मला पुढे तीन महिने कोणत्याही डिग्रीवाल्यानं सांगितलं नाही.

निदान शंभर टक्के बरोबर अन् औषध शंभर टक्के चूक. पुडीत टाकणखाराची लाही होती, ती मधात कालवून बाळाच्या तोंडात फिरवायची. आईलाही पटलं नाही, तिला आठवत होतं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, आमच्या लहानपणी सगळ्यांची तोंडं ज्यानं जांभळी व्हायची ते. (तेही आता लोक टाळतात, कॅनडाच्या आरोग्य खात्यानं तर २०१९ मध्ये त्याच्याबद्दल कॅन्सरच्या शक्यतेचा इशारा दिला.) आम्ही पोरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारला, दोन सेकंदांत "थ्रश आहे, तोंडातली बुरशी" म्हणाले, अन् टाकणखाराचं विचारल्यावर मात्र चांगलेच चिडले. वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचाच नाही, बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाची बाधा होऊ शकते, अन् टाकणखार म्हणजे बोरॅक्स, ते बाळाला विष. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, माह्या सहाही लेकरायले लावला. आजीला आठ झाली होती. ती मोजते सहाच.

डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात लावायला औषध दिलं. मी म्हटलं, डॉक्टर, मलाही आग होते. ते म्हणाले, तुमचं तुमच्या गायनॅकला दाखवा. गायनॅककडे पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट, त्यांनी टाके पाहिले, बीपी पाहिलं, वजन पाहून हसल्या, अन् आगीचं म्हटल्यावर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, दूध पाजताना होतं तसं, बाळाच्या डॉक्टरना विचारलं का? मी दोन्ही दवाखान्यांच्या मधे कुठेतरी मेडिकल चौकात रिक्षात बसून विचार करत होते की बाळ अन् बोंड ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची फाइल दुसऱ्याकडे जात नाही. ब्लाउज काही कोणी काढायला सांगितलं नाही.

म्हणून पहिल्या खेपेला औषध फक्त पोरीला लागलं. पांढरं गेलं. मला आपोआप जरा बरं वाटलं, तेवढ्यावर सगळे खुश.

इथे थोडं बुरशीबद्दल सांगते कारण मी त्या काळात रात्री तीनला जेवढं वाचलं तेवढं एमकॉमला वाचलं नव्हतं. ही कॅन्डिडा अल्बिकन्स. कॅन्डिडा म्हणजे पांढरी अन् अल्बिकन्स म्हणजे पांढरी होत जाणारी, लॅटिनमधला पिवळा पीतांबरच. ती काही बाहेरून चाल करून येत नाही, आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती बहुतेकांच्या असतेच, भाडेकरूसारखी गुपचूप. तिला दाबून ठेवणारे चांगले जिवाणूही तिथेच असतात. सिझेरियनच्या वेळी अँटिबायोटिक दिलं की ते वाईटांबरोबर चांगल्यांनाही मारतं अन् मग हिला रान मोकळं. वर ओल, ऊब, दूध. मी चोवीस तास ओल्या पॅडमध्ये, कूलरच्या दमट हवेत, चिरा नुकत्या भरलेल्या. तिनं यायचं नाही तर काय करायचं.

जूनमध्ये सासरी आले, प्रतापनगरला. जुलैत पाऊस लागला अन् दुसरी खेप. कपडे वाळेनात, बाल्कनीत दोरीवर तीन दिवस झबली लोंबतायत, कुबट वास, पॅड इस्त्री करून करून वापरतेय. या खेपेला उलटं झालं. पोरीचं तोंड साफ दिसत होतं म्हणून औषध फक्त मला. नवरा मेडिकलमध्ये क्लोट्रिमाझोलची क्रीम आणायला गेला, ती तीच, नायट्याला लावतात ती. दुकानदारानं भर गर्दीत विचारलं, "कुठे लावायचं आहे, जांघेत का?" नवरा म्हणाला, हाताला. घरी येऊन मला म्हणतो, काय सांगणार होतो मी. मी म्हटलं, बोंडाला म्हणायचं. तो म्हणे, मग त्यानं कृषी केंद्राचा पत्ता दिला असता.

दहा दिवसांत बरं. दोन आठवड्यांनी पोरीच्या तोंडात परत पांढरं, अन् लंगोटाच्या जागी लाल चट्टा, त्याच्या भोवती बारीक बारीक लाल टिपके. मग परत मी. हे असं पोळ्यापर्यंत चाललं. माझं तिला, तिचं मला.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा, पोरीचा पहिलाच, मामानं लाकडी नंदी आणलेला, अन् महालात मावशीच्या गॅलरीतून मारबत दिसते म्हणून आम्ही सकाळीच तिकडे. बाहेरच्यांसाठी सांगते, मारबत म्हणजे कागदाचा, बांबूचा भलामोठा बाईचा पुतळा, एक काळी एक पिवळी, काळी १८८१ पासून निघते अन् पिवळी १८८५ पासून. गावातली सगळी रोगराई, इडापिडा तिच्या गळ्यात घालून तिला वाजतगाजत गावाबाहेर नेऊन जाळायची. लोक ओरडतात, खोकला खासी घेऊन जा गे मारबत! मी मांडीवर पोरगी घेऊन गॅलरीच्या आतल्या बाजूला पाजत बसले होते, दात आवळून, अन् गर्दीच्या आवाजात मीही ओरडून घेतलं, बुरशी घेऊन जा गे मारबत! कोणाला ऐकू गेलं नाही.

मावशी म्हणाली, ही कोण माहीत आहे का, पूतना मावशी. कृष्णाला पाजायला आली होती ती. त्यानं मारून टाकलं तिला, मग गावानं ओढत बाहेर नेऊन जाळलं, त्याचीच ही मारबत. (दुसरी एक गोष्ट नागपूरकर भोसले घराण्यातल्या बाकाबाईची सांगतात, ती राजकारणाची आहे.) गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या बाजूनं पाहिली. पूतना बोंडाला विष लावून आली. मी क्रीम लावून बसले होते, प्रत्येक वेळी पाजायच्या आधी उरलीसुरली पुसायची अन् पोटात धस्स व्हायचं की हिच्या पोटात काय जातंय. अन् कीर्तनात ऐकलंय, कृष्ण सोडेना तेव्हा ती ओरडते, सोड, सोड, पुरे. रात्री साडेतीनला मी अंधारात हेच म्हणत असायचे. सोड गं, सोड बाई, पुरे. शब्दही तेच. पिवळी मारबत खालून गेली तेव्हा तिच्या रंगवलेल्या छातीकडे पाहून मला उगीच वाटलं की हिलाही कोणी विचारलं नसेल, दुखतंय का म्हणून. राक्षसीण होती हे मान्य.

मावशीनं माझा चेहरा पाहिला असावा. दुसऱ्याच दिवशी तिच्या ओळखीच्या एका मॅडमकडे घेऊन गेली, लहान मुलांच्या डॉक्टर, पण त्यांच्याकडे आईलाही त्याच टेबलावर बसवतात. मॅडमनी पोरीचं तोंड पाहिलं, लंगोट काढून पाहिला, मग पडदा ओढला अन् म्हणाल्या, आता तुमचं दाखवा. लाइट खाली ओढून दोन्हीकडचं पाहिलं, पाजायला लावलं, तेही पाहिलं. मग आजीचं वाक्य म्हणाल्या, शुद्ध मराठीत. हे एकच दुखणं आहे, दोघींना एकाच दिवशी औषध सुरू होईल अन् एकाच दिवशी थांबेल, बरं वाटलं तरी मधे थांबवायचं नाही. पोरीच्या तोंडात, चट्ट्यावर अन् माझ्या बोंडांवर, प्रत्येक पाजण्यानंतर, शिवाय मला गोळ्या. (कोणत्या, किती, ते मी इथे लिहीत नाही, नाहीतर कोणीतरी माझं वाचून दुकानात जाईल.) पॅड ओलं झालं की लगेच बदला, कपडे कडक पाण्यात धुवा अन् उन्हात टाका, ऊन नसेल तर इस्त्री. आणि पंपानं काढून फ्रीजरमध्ये साठवलेलं दूध? मी अभिमानानं सांगितलं, अकरा पिशव्या आहेत. त्या म्हणाल्या, गोठवल्यानं ही बुरशी मरत नाही, आत्ताचं काढलेलं आत्ता पाजा, पण या दिवसांतलं नंतरसाठी ठेवू नका. अकरा पिशव्या मी सिंकमध्ये ओतल्या. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

मग त्यांनी विचारलं, हिच्या तोंडात आणखी काय काय जातं? मी म्हटलं काही नाही, नुसतं अंगावरचं. सासूबाई सोबत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, गुटी देते मी. बोंडल्यानं.

हे बोंडलं म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंचं, चांदीचं, मुठीएवढं, पुढे लांब चोच. त्यात गुटी उगाळून, अंगावरचं दूध घालून चोच बाळाच्या ओठाशी धरायची. मला माहीतच नव्हतं, मी दुपारी आंघोळीला जायचे तेव्हा हा कार्यक्रम व्हायचा. मॅडमनी घरून आणवून घेतलं, कानात घालायची काडी चोचीत फिरवली अन् बाहेर काढली तर तपकिरी, चिकट, आंबूस. वरून बोंडलं असं चकचकीत की तोंड दिसावं, राखेनं रोज घासलेलं. चोचीच्या आत कोणाचं बोट जातंय. सगळा दोष बोंडल्याचाच होता असं मॅडमनी म्हटलं नाही, त्या एवढंच म्हणाल्या की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, अन् जे तोंडात जाईल ते उकळलंच पाहिजे. सासूबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी माझ्या मांडीवरून पोरगी घेतली अन् म्हणाल्या, "मला काय माहीत गं." मी रागावले नव्हते असं म्हणणार नाही. पण त्या घासत तर होत्या, जिथवर दिसत होतं तिथवर.

माझी साखरही तपासली, कारण असं पुन्हा पुन्हा झालं की डायबेटिस नाही ना ते बघतात. नॉर्मल निघाली. घरी मात्र डिंकाच्या लाडवांवर खटला भरून झाला होता.

गणपती आले, गेले, अन् नवरात्रात एका दुपारी मला लक्षात आलं की आज मी पाजलं अन् विसरून गेले.

ऑक्टोबरअखेर सुट्टी संपली, बँकेत परत जायला लागले. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण डिसेंबर आला, नागपूरची थंडी, पहाटे दहा डिग्री, अन् आग परत. तीच आग, तीच सुई. मी एका मिनिटात ठरवून टाकलं की आली परत सवत, अन् ड्रॉवरमधली ट्यूब काढली. अकरा दिवस लावली. पोरीलाही लावलं, तिच्या तोंडात काही नसताना. काही फरक नाही, उलट पहाटे जास्त, बँकेतल्या एसीखाली पंपिंग केलं तर आणखी जास्त.

रविवारी माहेरी गेले तर सिस्टर गच्चीवर पापड वाळवत होत्या. ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "पाजून दाखव." पुन्हा तेच. त्या दिवसांत मी रजईत, अंधारात, शालीखाली पाजायचे, मी स्वतःच अकरा दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. इथे उजेडात पोरीनं तोंड सोडलं अन् आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर बोंड पांढरं पडलं. गुलाबी नाही, खडूसारखं पांढरं. मग निळसर जांभळं. मग एकदम लाल, अन् आग सुरू. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. "ही बुरशी नाही बाई," सिस्टर म्हणाल्या, "हे थंडीनं गोठून राहिलं."

मॅडमनी ते पक्कं केलं. रक्तवाहिन्या थंडीनं आखडतात, रक्त थांबतं, मग परत येतं तेव्हा ठणका लागतो. बोटांचं असं होतं ते रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये लिहून ठेवलंय, बोंडांचंही होतं. क्रीम बंद करायला लावली. त्या म्हणाल्या, जळजळणारं प्रत्येक बोंड बुरशीचं नसतं, कधी नुसतं बाळानं नीट धरलेलं नसतं, कधी इसब असतो, कधी हे, अन् बायका महिनोन्महिने भलतंच लावत बसतात. यावर उपाय काय, तर पाजून झालं की क्षणात झाकायचं, कोरडं ठेवायचं, अन् शेक. कोरडा, उबदार शेक.

आईनं माळ्यावरून शेगडी काढली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आठ महिने झाले होते तिला वाट बघत. गोवऱ्या, दोन कोळसे, त्यावर धरून गरम केलेलं जुन्या लुगड्याचं फडकं, हातावर तपासून मग छातीवर. फोन स्पीकरवर होता, पलीकडून आजी सांगत होती, "लय गरम नको करू वं, पोळन. बोंडं कशी हायेत आता?" मी म्हटलं, फुटली आजी, वेचणी चालू आहे.

पोरगी पावणेदोन वर्षांची होईपर्यंत प्यायली. आता माझ्या जावेला दिवस गेलेत, मार्गशीर्षात होईल. परवा सासूबाईंनी कपाट आवरता आवरता मला न बघता विचारलं, बोंडलं द्यायचं का गं तिला, म्हणजे नुसतं, आठवण म्हणून. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते उचललं, उजेडात धरून एक डोळा मिटून चोचीतून आरपार पाहिलं, अन् देवघरात नेऊन ठेवलं. आता त्यात तेल असतं. निरांजनात घालायला चोच बरी पडते म्हणतात.